चक्रछाप

जुन्या रायफलचा सांगाडा हातात घेतला तेव्हा आधी दिसलं ते चक्र. रिसीव्हरच्या, म्हणजे नळी ज्यात बसते त्या पोलादी भागाच्या, गोल माथ्यावर कोरलेलं, कडेला दाते असलेलं, अगदी विष्णूच्या हातात असतं तसं. त्याच्या मागे न वाचता येणारी गोलगोल अक्षरं. नळी कुणीतरी अर्ध्यात कापलेली, दस्ता म्हणजे एक चिरफाळलेलं लाकूड, आणि डाव्या बाजूला दुर्बिणीसाठी पाडलेली दोन भोकं, तीही एका रेषेत नाहीत. टेबलामागचा माणूस म्हणाला, "सायमीज माउझर. साडेतीनशे डॉलर." मी कोलोरॅडोतल्या प्वेब्लो गावात एका पोलाद कारखान्यात मेंटेनन्सला आहे. गावच्या स्टेट फेअरच्या मैदानावर अधूनमधून जुन्या बंदुकांचा बाजार भरतो, तिथली ही गोष्ट. २०१८ चा नोव्हेंबर.

मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरातला. आबांचं दोन लेथचं वर्कशॉप होतं. शाळा सुटली की मी तिथे बुर गोळा करायचो. घरात बंदूक नव्हती आणि असायचं कारणही नव्हतं, कारण आबा माळकरी. आळंदीला जाऊन माळ घातल्यापासून अंडंसुद्धा नाही. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली तेव्हा माझा जन्मही व्हायचा होता. इथे आल्यावर सहकाऱ्यांबरोबर डोंगरात जायला लागलो आणि नाद लागला. एच-वन व्हिसावर होतो तेव्हा शिकारीचा परवाना काढल्याशिवाय बंदूक जवळ बाळगता येत नव्हती. ग्रीन कार्ड आल्यावर ती अट गेली. आबांना हे सगळं माहीत आहे. ते त्याबद्दल बोलत नाहीत, मीही काढत नाही. लोखंडाबद्दल मात्र आम्ही तासन्‌तास बोलतो.

अक्षरं वाचून घ्यायला आमच्या गावातल्या थाई हॉटेलच्या मालकीणबाईंना फोटो दाखवला. त्यांनी बोट ठेवून वाचलं, "बॅप सी-सिप-होक." नमुना सेहेचाळीस. म्हणजे बुद्ध संवत २४४६, आपलं इसवी १९०३, शके १८२५. चक्र हे सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, चक्री राजघराण्याचं. त्या वेळी पाचवा राम, राजा चुलालोंगकोर्न गादीवर होता. नमुना जर्मन माउझरचा, बनवलं जपानने, टोकियोच्या कोइशिकावा शस्त्रशाळेत, आणि वापरलं सयामच्या फौजेने. नंबराचे थाई आकडे बघताना मला सारखं वाटत होतं की हे आपण कुठेतरी पाहिलंय. त्यांचा तीन आपल्या तीनचा चुलतभाऊच दिसतो.

आता ही अॅक्शन, म्हणजे रिसीव्हर आणि त्यात मागेपुढे सरकून काडतूस आत ढकलणारा बोल्ट, दुर्मीळ का झाली ते सांगतो. साठ-सत्तरच्या दशकांत या रायफली भंगाराच्या भावात अमेरिकेत आल्या आणि लोकांनी त्या धडाधड कापल्या. कारण एकच, तिरकं मॅगझिन. बहुतेक माउझर बिनकडेच्या काडतुसासाठी असतात. सयामी फौजेचं काडतूस ८ मिलिमीटरचं, पण कडेचं, म्हणजे बुडाला ताटलीसारखी बाहेर आलेली कड असलेलं. अशी काडतुसं एकावर एक रचली की वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे हवी. मागे राहिली की ती अडकते आणि दोन्ही पुढे जातात किंवा एकही जात नाही. म्हणून मॅगझिनची पेटीच तिरकी केलेली. आणि अमेरिकेचं सगळ्यांत लाडकं जाड काडतूस, ४५-७०, तेही कडेचंच. १८७३ सालचं. पंचेचाळीस म्हणजे शंभरात पंचेचाळीस इंच व्यासाची गोळी, सत्तर म्हणजे सत्तर ग्रेन काळी दारू. मूळ शिशाची गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वीस ग्रॅम भरते. बहुतेक कारखाने हे काडतूस अजूनही नरमच, म्हणजे कमी दाबाचं, भरतात, कारण १८७३ च्या जुन्या स्प्रिंगफील्ड बंदुका अजून लोकांच्या घरात आहेत आणि त्या फुटायला नकोत. माउझरच्या अॅक्शनला पुढे दोन लग, म्हणजे बोल्ट अडवून धरणारे पोलादी खुंट, आणि मागे तिसरा जादा लग, त्यामुळे तिथे जरा जोराचं भरलं तरी चालतं.

अखंड, शिक्क्यांसकट रायफल मिळाली असती तर मी कानस लावली नसती. तसं करणाऱ्यांशी माझं पटत नाही. ही आधीच कापलेली होती, म्हणून हात घातला.

१८९८ नंतरची असल्यामुळे कायद्याने ती पुरातन वस्तू नव्हे, साधी बंदूकच. परवानाधारक दुकानदाराकडे फॉर्म भरला, चौकशी झाली, मग ताबा मिळाला. तिथून थेट त्रिनिदादला. प्वेब्लोहून दक्षिणेला दीड तास, न्यू मेक्सिकोच्या हद्दीला टेकलेलं जुनं कोळशाचं गाव. तिथल्या त्रिनिदाद स्टेट कॉलेजात १९४७ पासून बंदुका बनवण्याचं शिक्षण देतात. उन्हाळ्यात छोटे वर्ग असतात, मी त्यातले दोन केले होते. तिथेच शिकून पुढे पन्नास वर्षं हेच काम केलेल्या एका म्हाताऱ्याची गाठ पडली. त्याला मी मनातल्या मनात मेस्त्री म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

मेस्त्रीने सांगाडा उघडला, धुतला आणि चुंबकाने भेगा बघायच्या यंत्रावर धरला. भेग नव्हती. मग कडकपणा मोजला. असल्या जुन्या अॅक्शनचं पोलाद वरून कडक, आतून मऊ असतं. ती वरची साल गेली की बोल्टचे लग आपल्या बसायच्या जागेत हळूहळू रुततात. "साल शाबूत आहे," तो म्हणाला. "वाकडी भोकं बुजवू. दुर्बीण विसर. नळी आणि बोल्टचं तोंड मी करतो, कारण तुझा जीव त्यावर आहे. बाकीचं तू कर. तुला वेळ आहे, मला नाही."

नळीचं काम त्याने आठवड्यात केलं. २४ इंचांची नवी नळी, वीस इंचांत एक फेरा घेणाऱ्या खाचांची. आटे पाडले, नळीचा खांदा जिथे हवा तिथे टेकवला, मग काडतुसाची खोली रीमरने थोडी थोडी उतरवली. कडेच्या काडतुसात सगळा हिशेब त्या कडेवर असतो. बोल्टचं तोंड आणि नळीचं बूड यांच्यामध्ये कडेपुरती, इंचाच्या सत्तर थाऊच्या (थाऊ म्हणजे हजारावा भाग) आसपास, जागा लागते. कमी झाली तर बोल्ट मिटत नाही, जास्त झाली तर काडतूस मागे ताणलं जाऊन फाटतं. बोल्टचं तोंड नव्या रुंद कडेसाठी मोठं केलं आणि एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे टरफल बाहेर ओढणारा, आकडा मागे घेतला. मला बघायला उभं केलं होतं, पण हात लावू दिला नाही.

पहिली गोळी त्यानेच झाडली, तीही स्वतःच्या खांद्याला न लावता. रायफल एका जुन्या टायरमध्ये आवळली, चापाला दोरी बांधली आणि आम्ही भिंतीमागे गेलो. रिकामं टरफल मोजून त्याने ते माझ्या खिशात टाकलं.

आणि मग माझ्या वाट्याचं काम सुरू झालं. वाटलं होतं, दोन महिन्यांत संपेल.

४५-७० लांबीला त्या पेटीत आरामात बसतं, जाडीला बसत नाही. पेटीच्या वर रिसीव्हरला दोन बाजूंनी ओठासारख्या पट्ट्या असतात, काडतुसांना खाली दाबून धरणाऱ्या. बोल्ट पुढे ढकलला की वरचं काडतूस त्या ओठांखालून सरकतं, नाक उतरणीवर चढतं, बूड वर येतं आणि कड एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली शिरते. माउझरचं सगळं मर्म या शेवटच्या घटनेत आहे. आकड्याने काडतूस खोलीत जायच्या आधीच पकडलेलं असतं, म्हणून रायफल तिरकी असो, उलटी असो, ते पडत नाही. पण ओठ जरा लवकर सुटले तर काडतूस टुणकन वर उडतं. उशिरा सुटले तर नाक खोलीच्या खालच्या काठावर जाऊन आदळतं. माझ्या गोळीचं नाक चपटं, त्यामुळे ती आदळायचीच.

मी दारू आणि टोपी नसलेली सहा खोटी काडतुसं केली. दोन चढायची, तिसरं अडायचं. ओठांवरून तेलदगड फिरवला, तर पहिलं अडायला लागलं आणि तिसरं सुरळीत. एक आठवडा सगळं चाललं आणि मग एका रविवारी सहाच्या सहा उडून छताकडे गेली. त्या ओठांतून निघालेलं पोलाद परत लावता येत नाही. वेल्ड केलं तर कडक साल जळते. या अॅक्शनचे सुटे भाग कुठल्या दुकानात टांगलेले नसतात. त्या रात्री मी जेवलो नाही, बायकोने विचारलं तर पोट बिघडलंय म्हणालो.

आबांना व्हिडिओ कॉल लावला. रायफल त्यांना अशी कधी दाखवली नव्हती. नुसता रिसीव्हर आणि बोल्ट टेबलावर ठेवला, कॅमेरा जवळ धरला. बंदूक हा शब्द कुणीच उच्चारला नाही. ते बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो सांधा कुटं लागतुया त्ये तुला दिसतंय का?"

"अंदाज येतो."

"अंदाजानं कानस मारू नगं. ब्लू लाव. लागंल तिथंच घास. आन्‌ ल्येका, फिटिंग म्हंजे नुसतं घट्ट बसवनं न्हवं. कुटं जागा सोडायची त्ये कळाया पायजे."

इतकं साधं. कारखान्यात बेअरिंगला मी रोज ब्लू लावतो आणि इथे दोन महिने नजरेने घासत होतो. काडतुसांना निळा रंग फासला, बोल्ट हळू ढकलला आणि रंग कुठे उमटतो ते भिंगातून पाहिलं. दोष ओठांत नव्हताच. मॅगझिनमधली काडतुसं वर उचलणारी पट्टी, फॉलोअर, मूळच्या बारीक काडतुसासाठी होती. जाड काडतूस तिच्यावर कलंडायचं आणि बूड खाली, नाक डावीकडे जायचं. मी नवा फॉलोअर घडवला. तो बिघडला तर दुसरा करता येतो, रिसीव्हर नाही करता येत. तिसरा फॉलोअर जमला. उतरणीच्या डाव्या कडेचं पोलाद इतकं थोडं काढलं की चिमटीत आलं नसतं. चार महिने गेले होते. आता त्या पेटीत तीन काडतुसं सुखाने बसतात, चौथं बसवायचा हट्ट मी सोडला. कडेवर कड चढवून नीट भरायची सवय बोटांना लागली आहे, अंधारातसुद्धा.

दस्त्याचं लाकूड मेस्त्रीकडूनच घेतलं. अक्रोडाचा ठोकळा, त्याच्या माळ्यावर बारा वर्षं वाळलेला. मला नक्षीदार, ढगाळ रेषांचा हवा होता. त्याने तो बाजूला सारला आणि साधा दिला, मनगटाच्या, म्हणजे दस्ता मुठीत धरायच्या, जागी रेषा सरळ आरपार जाणारा. "नक्षी मागे कुंद्याला ठीक, मनगटाला नको."

लाकडात पोलाद बसवायचं म्हणजे पोलादाला काळं फासायचं, लाकडावर टेकवायचं, उचलायचं आणि जिथे डाग पडला तेवढंच पटाशीने खरवडायचं. दिवसाला पन्नास वेळा. बाजारातली काळी मलई संपली तेव्हा मी निरांजनावर ताटली धरून काजळ धरलं, लहानपणी आई धरायची तसं, आणि जवसाच्या तेलात कालवलं. झकास चाललं. बायको म्हणाली, लेकीला कधी काजळ धरून लावलं नाहीस. सहा आठवड्यांनी रिसीव्हर लाकडात असा बसला की मध्ये कागद शिरणार नाही. पुढे, मागे, रिसीव्हरच्या मागे निघालेल्या शेपटीशी, कुठेही. मी त्याचे फोटो पाठवले. मेस्त्री 'सुंदर' म्हणाला, पण त्याने फक्त फोटो बघितला होता.

काळा रंग चढवायला मी सावकाशीची पद्धत घेतली. पोलादाला तेजाबी पाणी लावून मुद्दाम गंज आणायचा, मग तो भाग ऊर्ध्वपातित पाण्यात उकळायचा, की तांबडा गंज काळा होतो. वरची मखमल बारीक तारेने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. आठ-नऊ वेळा केलं की काळेपणात खोली येते. अडचण एकच, प्वेब्लोची हवा इतकी कोरडी की गंज धरेना. कोल्हापूरच्या आषाढात मी उंबऱ्यावर नुसतं ठेवलं असतं तरी सकाळपर्यंत काम झालं असतं. इथे न्हाणीघर बंद करून गरम पाण्याचा फवारा सोडायचा आणि नळी पडद्याच्या दांडीला टांगायची. घरच्यांनी तीन शनिवार शेजाऱ्यांकडे आंघोळ केली. चक्रावर मी तार जवळजवळ फिरवलीच नाही, दाते बोथट होतील म्हणून.

दस्त्याला जवसाच्या तेलाचे हात दिले. नेम धरायला मागची खाच आणि पुढची माशी बसवली, माशीला हस्तिदंती रंगाचा ठिपका. मनगटाला चौकड्या कोरल्या, आणि त्यातल्या दोन ओळी वाकड्या आहेत. कुठल्या ते मी कुणाला सांगत नाही.

२०२० च्या सप्टेंबरात चांदमारीवर गेलो. धक्का तीस-शून्य-सहा या नेहमीच्या शिकारी काडतुसाच्या दीडपट तरी असेल, पण तो थापटीसारखा येत नाही, कुणीतरी खांद्याला हात लावून मागे ढकलावं तसा येतो. पहिल्या पाच गोळ्या पन्नास यार्डांवर मुठीएवढ्या जागेत. मी खूश. अठराव्या गोळीनंतर रायफल पुसताना अंगठ्याला काहीतरी लागलं. शेपटीच्या मागे, मनगटावर, केसाएवढी रेघ. नखाने चाचपली. ती रेघ नव्हती, तडा होता. दीड इंच लांब.

मी रायफल तशीच पिशवीत घालून त्रिनिदादला गेलो. मेस्त्रीने स्क्रू सोडवले, पोलाद उचललं आणि शेपटीच्या मागच्या लाकडावर बोट फिरवलं.

"इथे जागा कुठे आहे?"

नव्हती. धक्का बसताना रिसीव्हर मागे येतो. तो अडवायचं काम रिसीव्हरखालच्या आडव्या लगचं. पण लाकूड लगमागे थाऊ-दोन थाऊ दबतंच, आणि तेवढ्यात शेपटी लाकडात पाचरीसारखी घुसते. माझी कागद न शिरणारी फिटिंग म्हणजे मनगटात ठोकून ठेवलेली छिन्नी होती. आबांनी शब्दन्‌शब्द सांगितलं होतं, आणि मी ते फक्त काडतुसांपुरतं ऐकलं होतं.

दस्ता टाकून द्यायचा नाही असं मेस्त्रीने ठरवलं. मी टाकला असता. तडा पाचर घालून हलकेच उघडला, पातळ इपॉक्सी आत ओढून घेतलं, आवळून दोन दिवस ठेवलं. आतून दोन खिळ्या घातल्या. लगच्या मागे पोलादी आडवा बोल्ट आरपार. नळीखाली दुसरा लग बसवला, म्हणजे भार वाटला जाईल. दोन्ही लगच्या जागा इपॉक्सीत पोलादाची पूड घालून भरल्या. आणि शेपटीच्या मागे पाव सूत जागा सोडली. आता नीट पाहिलं तर तिथे काळी फट दिसते. फोटोत ती दिसली की ओळखीचे लोक म्हणतात, इथे फिटिंग चुकलंय का.

त्या वर्षी हंगाम हुकला. पुढच्या वर्षी, २०२१ च्या ऑक्टोबरात, स्पॅनिश पीक्स या डोंगरांच्या उतारावर मादी एल्कचा, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाचा, परवाना घेऊन गेलो. पाच दिवसांत एकच कळप दिसला, तोही तीनशे यार्डांवर. ४५-७० ची गोळी तिथवर जाईपर्यंत इतकी खाली येते की नेम धरणं म्हणजे जनावराचा छळ. बसून राहिलो. तिसऱ्या वर्षीच्या हंगामात, ओकच्या झुडपांतून चढताना, साठ पावलांवर एक मादी आडवी उभी होती. बोल्ट ढकलला, आवाजसुद्धा झाला नाही. एकच गोळी लागली.

सोलणं, चार फेऱ्यांत पाठीवर खाली आणणं, यात रात्र झाली. घरी येऊन मांस फ्रीजरला लावलं, आणि झोपायच्या आधी स्क्रू सोडवून भिंगातून मनगट पाहिलं. मग आबांना फोन लावला, तिकडे सकाळचे दहा वाजले होते. डोंगरात गेलो होतो, एवढंच सांगितलं. ते एल्कबद्दल काही विचारणार नव्हते आणि त्यांनी विचारलंही नाही.

"सांधा?" ते म्हणाले.

"धरलाय."

"आन्‌ फट?"

"पाव सूत. तशीच हाय."

"ऱ्हाऊ दे मग," ते म्हणाले, आणि गणपतीच्या देवळाला नवा पत्रा घालायचा चाललाय त्याबद्दल सांगायला लागले.